बोटीचा ठराव

सुंदररावांच्या घरात जेवणं झाली की ताटं उचलायच्या आधी सभा होत असे. बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्यापासून सहा किलोमीटरवरच्या गावात ते एकोणीस वर्षं दूध संस्थेचे अध्यक्ष होते. एवढ्या काळात संस्थेची शिस्त घरात कधी शिरली ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. भिंतीवरच्या खिळ्याला वही टांगलेली असे. म्हशीला कोणती पेंड घालायची, पोराला कोणतं कॉलेज, दिवाळीला रंग द्यायचा की नाही, सगळ्याला सूचक लागे आणि अनुमोदक लागे. अनुमोदक बहुधा त्यांची बायको सत्यभामा असे. लग्न झाल्यापासून चोवीस वर्षं तिनं फक्त अनुमोदनच दिलं होतं.

"विषय क्रमांक एक," सुंदरराव म्हणाले. "कोल्हापूरला अध्यक्षांचं दोन दिवसांचं शिबिर हाय. कुटुंबाला नेता येतं. तिसरा दिवस मोकळा, संध्याकाळी सातची परतीची गाडी. कुणाला काय बघायचं ते बोला."

"मला अंबाबाई," त्यांची थोरली बहीण वत्सलाबाई लगेच म्हणाली. "आन् चपला. करकर वाजणाऱ्या."

सुंदररावांनी स्वतःच्या नावावर राजवाड्यातलं वस्तुसंग्रहालय लिहून घेतलं. मुलगा गहिनीनाथ नुकताच भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला होता. त्याने बीडच्या सायबर कॅफेतून कोल्हापूरचा नकाशा छापून आणला होता आणि पट्टी लावून तो अंतरं मोजत बसला होता. त्याला काही बघण्यापेक्षा सगळं वेळेवर बघून होण्यात रस होता.

सुंदरराव वही मिटणार एवढ्यात सत्यभामा म्हणाली, "मला बोटीत बसायचंय."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

२०१३ सालचा एप्रिल होता. टँकर चौथ्या दिवशी यायचा. गावच्या पाझर तलावात पोरं क्रिकेट खेळत होती आणि तलावाच्या मधोमध चांगली सपाट खेळपट्टी तयार झाली होती.

"बोटीत कावून?" सुंदररावांनी विचारलं.

"पाणी लई बघितलं. हंड्यातलं, टँकरातलं. एकदा पाण्यावर बसून बघायचंय. बाकी मला कायबी नको."

"आन् बुडलीस मंजी?" वत्सलाबाई म्हणाली.

"आक्का, आपल्याकडं बुडायला तरी कुठं हाय?"

सुंदररावांनी चष्मा पुसला. बायको सूचक होण्याची ही पहिलीच वेळ होती आणि वहीत तसा रकाना असल्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. "अनुमोदक?" त्यांनी विचारलं. गहिनीनाथने हात वर केला. रंकाळ्यावर बोट, दुपारी चार वाजता, सर्वानुमते मंजूर. टँकरच्या रांगेत ह्यांचे हंडे लावायचं काम शेजारच्या रतनबाईनं पत्करलं आणि मंडळी निघाली.

शिबिराचे दोन दिवस सुंदररावांनी सभागृहात आणि बाकीच्यांनी लॉजच्या नळाखाली काढले. नळाला दिवसभर पाणी होतं. वत्सलाबाईनं अंगावरचं सोडून सगळं धुतलं आणि मग लॉजच्या पलंगपोसांकडे मोर्चा वळवला. तिसऱ्या दिवशीचं वेळापत्रक गहिनीनाथने दाराच्या आतून चिकटवलं होतं. आठला लॉजच्या दारात जमायचं. साडेआठ ते साडेदहा दर्शन, अकराला वस्तुसंग्रहालय, मग जेवण, सव्वादोनला चपला, साडेतीनला रंकाळा. वत्सलाबाईचा चालण्याचा वेग त्याने ताशी तीन किलोमीटर धरला होता. दोन मुक्कामांच्या मध्ये जादा पंधरा मिनिटंही ठेवली होती.

आठ वाजता दारात तो आणि सत्यभामा होते. सत्यभामा पावणेआठपासूनच उभी होती. सुंदरराव आणि वत्सलाबाई बरोबर साडेआठला खाली आले.

"आण्णा, आठ ठरलं होतं."

"आठला मी वरनं बघितलं. कोरम नव्हता. तहकूब केली."

सहकारी संस्थेच्या सभेला पुरेसे सभासद जमले नाहीत तर सभा अर्धा तास तहकूब होते. मग तीच सभा त्याच जागी पुन्हा भरते आणि तेव्हा कितीही माणसं असली तरी चालतं. त्यामुळे गावातलं कुणीही कुठल्याही सभेला दिलेल्या वेळेवर जात नसे. अर्धा तास उशिरा जाणं हेच वेळेवर जाणं होतं. आपलं वेळापत्रक शास्त्रशुद्ध असूनही सहकाराचा हा स्थिरांक आपण त्यात धरलेला नाही, हे गहिनीनाथच्या लक्षात आलं.

दर्शन चांगलं झालं. अकरा वाजता ते देवळाबाहेर आले. सुंदरराव प्रसाद घेत होते, गहिनीनाथ नकाशा उलगडत होता. नकाशातून त्याने मान वर केली तेव्हा वत्सलाबाई दिसेना.

ती तीस पावलांवर एका मांडवाच्या तोंडाशी रांगेत उभी होती. पुढे चाळीसेक बायामाणसं होती. तिने आपल्या मागे पिशवी, पिशवीमागे प्रसादाचा पुडा आणि त्यामागे पाण्याची बाटली ठेवली होती. घरातल्या चौघांचे चार नंबर लागले होते.

"आत्या, ही कशाची रांग हाय?"

"मला काय म्हाईत?"

"मग उभी कावून ऱ्हायलीस?"

"रांग दिसली की आधी उभं ऱ्हायाचं बाबा. कशाची ते पुढं गेल्यावर कळतंच. इचारत बसलास की धा हंडे पुढं लागत्यात." बाटलीपुढे घुसू बघणाऱ्या एका गृहस्थाकडे तिने डोळे वटारले. "ओ, तितं आमचं माणूस हाय!"

बाटली आपल्या जागी राहिली. रांग एका पतसंस्थेच्या रौप्यमहोत्सवी मोफत नेत्रतपासणी शिबिराची होती. सुंदरराव बहिणीला बाहेर काढायला म्हणून आत गेले. टेबलावरच्या कार्यकर्त्याने "आपण?" असं विचारल्यावर एकोणीस वर्षांच्या सवयीने ते म्हणाले, "मी अध्यक्ष, दूध उत्पादक संस्था, बीड जिल्हा."

ती संस्था जिल्ह्याची नसून गावाची आहे, हे सांगायला त्यांना सवड मिळाली नाही. शिबिराचे प्रमुख पाहुणे दीड तास झाला तरी आले नव्हते आणि हार उन्हाने मान टाकत होते. कार्यकर्ता उठूनच उभा राहिला.

"बीडास्नं आलाय? आवो मग असं दारात काय हुबारलाय? या की वर पावणं! दुष्काळी भागातनं आमच्या कार्यक्रमाला आलासा, लई मोठी गोष्ट हाय ही!"

"न्हाई, मी फकस्त बहिणीला..."

"भैनीस्नी बी घ्या की! खुर्ची आणा रं!"

पाच मिनिटांत सुंदरराव व्यासपीठावर होते. शाल आली, नारळ आला. खाली उभ्या असलेल्या सत्यभामेने गहिनीनाथचं मनगट फिरवून घड्याळ बघितलं.

"किती वाजले?"

"साडेअकरा."

"आन् बोट?"

"चारला. अजून वेळ हाय, आई."

उद्घाटन फीत कापून करायचं नव्हतं. पाहुण्यांनी स्वतःचे डोळे तपासून घेऊन शिबिर सुरू करायचं होतं. सुंदरराव मागे हटणारे नव्हते. डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत औषधाचे दोन-दोन थेंब टाकले, शेजारी बसलेल्या वत्सलाबाईच्याही टाकले आणि सांगितलं, "अर्धा तास डोळे मिटून बसा. बाहुल्या मोठ्या झाल्या की आतलं बघता येईल."

"मग कधी दिसंल?" वत्सलाबाईनं विचारलं.

"संध्याकाळपर्यंत अंधुक दिसेल. जवळचं वाचता येणार नाही, ऊन डोळ्यांवर येईल. काळजीचं काही नाही."

भाषणं सुरू झाली. सुंदरराव डोळे मिटून बसले. व्यासपीठावरचे बाकीचे मान्यवरही डोळे मिटूनच बसलेले असल्यामुळे औषध नेमकं कुणाच्या डोळ्यांत आहे ते खालून कळत नव्हतं. मग सुंदररावांना दोन शब्द बोलायची विनंती झाली. ते दुधातल्या फॅटपासून चारा छावणीपर्यंत पस्तीस मिनिटं बोलले. समोरचं घड्याळ त्यांना दिसत नव्हतं. त्यानंतर तपासणी झाली, त्यानंतर मसालेभाताची पंगत. बाहेर पडताना अडीच वाजले होते आणि दोन्ही भावंडांच्या डोळ्यांवर पुठ्ठ्याच्या दांड्यांचे काळे चष्मे होते.

सुंदरराव सत्यभामेच्या आणि वत्सलाबाई गहिनीनाथच्या खांद्यावर हात ठेवून रस्त्याच्या कडेला आली. सत्यभामा थांबली.

"आवो, मी काय म्हणते, सरळ तळ्यावरच जाऊ. तुमाला तसंबी काय दिसत न्हाई. राजवाड्यात जाऊन करायचं काय?"

"ठराव मंजूर झालेला हाय," सुंदरराव सत्यभामेच्या शेजारच्या विजेच्या खांबाकडे बघून म्हणाले. "मंजूर ठराव असा रस्त्यात बदलता येत न्हाई. त्याला विषयपत्रिका सात दिवस आधी काढावी लागती."

"आण्णा, मग विशेष सभा घ्या."

ही तरतूद सुंदररावांना मान्य होती. उसाचा रस विकणाऱ्याच्या गाड्याशेजारी विशेष सभा भरली. चौघंही हजर असल्यामुळे तहकूब करता आली नाही. थेट तळ्यावर जाण्याच्या बाजूने सत्यभामा आणि गहिनीनाथ, विरुद्ध सुंदरराव आणि वत्सलाबाई.

"आत्या, तू कावून विरुद्ध?"

"माज्या चपला ऱ्हात्यात ना मग!"

"दोन-दोन," सुंदरराव म्हणाले. "समान मतं पडल्यास अध्यक्षांना निर्णायक मत असतं. ठराव फेटाळला. चला राजवाड्यात."

सत्यभामेने नवऱ्याचा हात पुन्हा आपल्या खांद्यावर घेतला आणि चालायला लागली. तिचा वेग मात्र ताशी पाच किलोमीटर झाला होता. मागून सुंदरराव "हळू गं, हळू" म्हणत ठेचकाळत होते.

वस्तुसंग्रहालयात गहिनीनाथ प्रत्येक कपाटासमोर थांबून सांगत होता आणि ते दोघं काळ्या चष्म्यातून आदराने बघत होते.

"हे काय हाय?"

"तलवारी, आत्या."

"आन् हे?"

"पेंगोलिन. खवले असत्यात त्याला. पेंढा भरून ठेवलाय."

"आन् हा कोण म्हणायचा? मिशा काय जिवंत केल्यात बे! हा बी पेंढा भरलेला का?"

"मी हितला शिपाई हाय, मावशी," पुतळा म्हणाला.

आतापर्यंत गहिनीनाथ शहाणा झाला होता. "साडेतीनला इथून निघायचं," असं त्याने सांगितलं आणि सगळे चारला निघाले. त्याला चारलाच निघायचं होतं. नियम कळला की गणित सुटतं, याचा त्याला दिवसात पहिल्यांदा आनंद झाला. तो चपलांच्या दुकानापर्यंत टिकला.

वत्सलाबाईला चपलेची नक्षी दिसत नव्हती. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. ती स्टुलावर बसली आणि तिने दुकानदाराला चपला पायात घालून दुकानात चालून दाखवायला सांगितलं. ती कान देऊन ऐकायची. "न्हाई, ही डाव्या पायाची गप हाय." दुकानदार दुसरा जोड घालून यायचा. "ही लईच रडती." अकराव्या जोडाला तिचा चेहरा खुलला. दुकानदार घामाघूम होऊन खाली बसला. घड्याळात पाच वाजायला पाच मिनिटं होती.

सत्यभामेने रिक्षाला हात केला. आयुष्यात पहिल्यांदा तिने रिक्षावाल्याशी घासाघीस केली नाही.

रंकाळ्यावर उतरले तेव्हा पाच वीस झाले होते. काठाच्या भिंतीशी जाऊन सत्यभामा थबकली. पाणी इथून सुरू होऊन पार पलीकडच्या झाडांपर्यंत गेलं होतं. ते कुणी राखत नव्हतं, त्याला कुलूप नव्हतं, रांग नव्हती.

"गहिनी, किती असंल रे हे?"

गहिनीनाथने डोळे बारीक करून लांबी-रुंदीचा अंदाज घेतला, खोली सरासरी तीन मीटर धरली आणि मनातल्या मनात भागाकार केला. "टँकर म्हणशील तर दोन लाखाच्या आसपास. जास्तीच, कमी न्हाई."

"दोन लाख," ती म्हणाली. "एवढे टँकर गावात आले तर रतनबाई नंबर लावूनच मरंल."

तिकीट खिडकी बंद होत होती. सत्यभामेने आपला हात आत घातला. खिडकी बंद करणाऱ्याला ती पुन्हा उघडावी लागली. "शेवटची फेरी, मावशी. पंध्रा मिन्टं. पायडलची बोट हाय, दोघांनी म्होरं बसून पायडल मारायचं."

चौघांनी केशरी जाकिटं घातली. पुढे कोण बसणार याची चर्चा झालीच नाही. अध्यक्ष पुढे बसले. सुकाणूचा दांडा त्यांच्या हातात आला. शेजारी गहिनीनाथ, मागे दोघी. वत्सलाबाईनं नव्या चपला काढून मांडीवर घेतल्या आणि दोन्ही हातांनी सत्यभामेला कवटाळलं.

पंधरा मिनिटांतली पहिली चार मिनिटं बोट धक्क्यालाच घासत होती.

"आण्णा, उजवीकडं घ्या."

"उजवीकडंच घेतलंय."

"दांडा उजवीकडं ढकलला की बोट डावीकडं वळती, आण्णा. उलटं असतं ते."

"मला शिकवतो का बे? एकोणीस वर्षं संस्था चालिवली मी!"

"संस्थेला सुकाणू नव्हतं ना पर!"

बोट काठापासून दहा मीटरवर स्वतःभोवती फिरायला लागली. मावळतीचं ऊन पाण्यावरून थेट सुंदररावांच्या मोठ्या झालेल्या बाहुल्यांत शिरत होतं. "समोर काय हाय?" ते ओरडत होते. "भित!" गहिनीनाथ ओरडत होता. "आता काय हाय?" "तीच भित!" मागे वत्सलाबाई सत्यभामेच्या खांद्यात तोंड खुपसून अंबाबाईला हाका मारत होती. तिने डोळे मिटले होते आणि सत्यभामेचा उजवा दंड असा आवळला होता की तिला मान वळवता येईना. बोटीतून सत्यभामेला दिसलं ते एवढंच: नवऱ्याचं डोकं, पोराचं डोकं आणि अधूनमधून भिंत. पाण्याला स्पर्श करावा म्हणून तिने डावा हात बाहेर काढला तेवढ्यात काठावर शिट्टी वाजली.

"टायम झाला! या मागारी!"

बोटवाल्यानं बांबूच्या आकड्यानं बोट ओढून घेतली. सुंदरराव घाम पुसत उतरले. "झालं. विषय संपला," ते म्हणाले. गहिनीनाथने आत्याला उतरवलं. काठावर उभं राहून तिने चपला पायात घातल्या आणि त्या वाजतात का ते बघितलं.

सत्यभामा उतरली नाही.

"आई, चल. पावणेसहा झाले. सातची गाडी हाय."

सत्यभामा बोटवाल्याकडे बघत होती. तो एकेक बोट दोरीनं दुसरीला बांधत होता.

"ह्या आता कुठं नेता, दादा?"

"पल्याडच्या घाटाला. रातीचं तिकडंच बांधून ठेवतो. म्होरच्या बोटीला इंजन हाय, वढत न्यायच्या."

"मग ही बी नेणार?"

"व्हय तर."

"मी बसूनच ऱ्हाते मग. मला तिकडं सोडा."

"गहिनीची आई!" सुंदरराव म्हणाले. "ह्याला ठराव न्हाई!"

"मी सूचक," सत्यभामा म्हणाली. तिने जाकिटाचा पट्टा घट्ट केला. "अनुमोदक?"

वत्सलाबाईनं भावाकडे बघितलं, मग बोटीकडे, मग त्या सगळ्या पाण्याकडे. एवढा वेळ आपण हिच्या दंडाला लोंबकळत होतो हे बहुतेक तिला आठवलं असावं. "माजं अनुमोदन हाय," ती म्हणाली. "जा गं. न्हाईतरी मला पुना त्यात चढायचं न्हाई."

"मावशी, जाकीट हाय नव्हं अंगावर?" बोटवाला म्हणाला. "मग बसा निवांत. पायडल मारायचं न्हाई, काय न्हाई. घाटावर सोडतो, पर हळू जानार."

"हळूच जावा," सत्यभामा म्हणाली.

इंजिन फटफटलं. इंजिनाच्या बोटीमागे सहा रिकाम्या बोटी एकामागे एक निघाल्या आणि सातवीत मागच्या बाकावर मधोमध सत्यभामा. पलीकडच्या घाटापर्यंत काठाने सव्वा किलोमीटर अंतर होतं. वत्सलाबाईच्या वेगाने पंचवीस मिनिटं. गहिनीनाथने हिशेब केला आणि दोघांचे हात धरून चालायला सुरुवात केली.

बोटी काठाशी समांतर चालल्या होत्या. ऊन उतरलं होतं, वारा पडला होता. अर्ध्या वाटेवर बोटवाल्यानं इंजिन बंद केलं आणि बोटी आपल्याच गतीनं सरकू लागल्या. सत्यभामेनं मांडी घातली होती. एक हात पाण्यात सोडला होता आणि हातामागे पाण्यावर एक लांब रेघ उमटत होती. ती कुणाकडेच बघत नव्हती.

सुंदररावांना नीट दिसत नव्हतं तरी केशरी ठिपका दिसत होता. त्यांनी हातांचा कर्णा केला. "अगं! गाडी चुकंल! त्याला म्हणावं घाई कर!"

ठिपका हलला. सत्यभामेनं काठाकडे तोंड केलं, ओला हात कानामागे धरला आणि ऐकू येत नाही अशी मान हलवली.

"कायतरी कर बे, तुजा आवाज मोठा हाय!" सुंदरराव मुलाला म्हणाले. "तिला ऐकाया येत न्हाई."

"लई लांब हाय ती, आण्णा," गहिनीनाथ म्हणाला.

संध्याकाळी पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. अशा वेळी आवाज वर निसटून जात नाही, वाकून पुन्हा पाण्याकडे येतो आणि शांत तळ्यावर फार दूरपर्यंत स्वच्छ ऐकू येतो. गहिनीनाथने दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत यावर आठ गुणांचं उत्तर लिहिलं होतं. आत्ताही पहिल्या बोटीत बसलेल्या बोटवाल्यानं तंबाखू चोळून हळूच टाळी मारली, तेवढीसुद्धा त्याला काठावर ऐकू आली.

सुंदररावांनी पुन्हा हाक मारली. सत्यभामेनं पुन्हा कानामागे हात धरला.

"न्हाई ऐकू येत तिला," वत्सलाबाई म्हणाली. गहिनीनाथने फक्त आपली चाल थोडी कमी केली.